मागच्या दाराने राजकारणात : कार्ला लोन्झीची गोष्ट

(आमच्या गटाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना जे सांगायचं राहून गेलं ते लिहून काढताना घातलं आहे.)



मला विषय दिला होता 'स्त्रिया आणि राजकारण'. तुमच्यातल्या बऱ्याच जणींना वाटलं असेल की मी आता पंचायतीतलं आरक्षण, सरपंचबाई आणि सरपंचबाईंचे नवरे ह्यांच्यावर बोलणार. त्यावर इथे माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणाऱ्या बसल्या आहेत. मी आज तुम्हांला दूरच्या एका बाईबद्दल सांगणार आहे. ती इटलीची, कला-इतिहासाची अभ्यासक होती. नाव कार्ला लोन्झी. ती राजकारणात आली, पण कधी निवडणुकीला उभी राहिली नाही, कुठल्या सभागृहात बसली नाही. मग ती राजकारणात आली असं मी का म्हणते, हेच आज बोलायचं आहे.

हे आत्ताच का, तेही सांगते. आपल्याच एका मैत्रिणीला नगरपालिकेचं तिकीट देऊ केलंय, हे तुम्हांला माहीत आहे. गेले दोन महिने आपण त्यावरून भांडतोय. काही जणी म्हणतात, जागा राखीव झाल्यात, आपण नाही गेलो तर कुणाच्या तरी सुना आणि भावजया जातील. काही म्हणतात, आत गेलीस की तू आमची राहणार नाहीस. हे भांडण डोक्यात असतानाच माझ्या हाती लोन्झीच्या लेखांचं इंग्रजी संकलन पडलं. ते २०२३ साली कलकत्त्याच्या एका प्रकाशनाने काढलंय. मला इटालियन येत नाही. मी जे सांगते ते असं इंग्रजीच्या खिडकीतून पाहिलेलं आहे, हे आधीच कबूल करते.

लोन्झीआधी एका गृहस्थांची ओळख करून देते, म्हणजे फरक कळेल. जुलिओ कार्लो आर्गान. जन्म १९०९, तोरिनो शहरात. इटलीतले नावाजलेले कला-इतिहासकार, रोमच्या विद्यापीठात प्राध्यापक. इटालियन कलेचा त्यांनी लिहिलेला इतिहास तिथल्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या मुलांनी वाचला. १९७६ साली कम्युनिस्ट पक्षाच्या यादीवर अपक्ष म्हणून निवडून येऊन ते रोमचे महापौर झाले. १९७९ पर्यंत त्या पदावर होते. पुढे १९८३ पासून १९९२ पर्यंत ते सिनेटचे सभासद होते. त्यांच्या काळात रोममध्ये उन्हाळ्याच्या रात्री जुन्या भग्न वास्तूंमध्ये साध्या माणसांसाठी सिनेमे दाखवायला सुरुवात झाली. चांगलं काम होतं ते, मी नाकारत नाही. 'कला-इतिहासकार राजकारणात गेला' असं म्हटलं की असंच चित्र डोळ्यांपुढे येतं : विद्वान माणूस, पक्षाचं बोलावणं, निवडणूक, पद. पुढच्या दाराने प्रवेश.

ह्याच आर्गान ह्यांच्याशी १९६३ साली एका बत्तीस वर्षांच्या बाईने वर्तमानपत्रात वाद घातला. ती कार्ला लोन्झी.

तिचा जन्म ६ मार्च १९३१चा, फ्लॉरेन्सचा. पाच भावंडांत थोरली. घर मध्यमवर्गीय. आई शिक्षिका होण्यासाठी शिकलेली, पण घर-मुलांत ते शिक्षण बाजूला पडलं. (आपल्यापैकी किती जणींच्या आयांचं हेच झालं, हात वर करायला सांगत नाही.) नऊ वर्षांची असताना कार्लाने हट्ट धरला की मला घरी राहायचं नाही, मला वसतिगृहाच्या शाळेत घाला. पुढे ती फ्लॉरेन्सच्या विद्यापीठात रोबेर्तो लोंगी ह्या मोठ्या कला-इतिहासकाराच्या हाताखाली शिकली. १९५६ मध्ये तिने प्रबंध पुरा केला, विषय होता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची रंगभूमी आणि चित्रकला ह्यांचं नातं. गुरूला तो छापायचा होता. तिने नको म्हटलं. तो छापला गेला १९९५ साली, तिच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. तरुणपणी काही काळ ती कम्युनिस्ट पक्षातही होती, मग बाहेर पडली. लग्न केलं, १९६० मध्ये मुलगा झाला, काही वर्षांत नवऱ्यापासून वेगळी झाली. इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदाच नव्हता. पोटासाठी आणि आवडीसाठी ती कलासमीक्षा लिहीत होती, तोरिनोच्या एका दालनासाठी प्रदर्शनं जुळवत होती.

आता तो वाद. आर्गान त्या वेळी सांगत होते की कलेने कुठल्या दिशेला जावं, एकट्या कलावंताने काम करावं की गटाने. आणि हे ठरवण्यात समीक्षकाचा वाटा मोठा. लोन्झी म्हणाली की हा कलेचा विचार नाही, ही सत्ता आहे. जो काम करत नाही तो काम करणाऱ्याला सांगतो की तुझ्या कामाचा अर्थ काय. मला हे वाचताना एकदम आपल्या शिबिरांची आठवण झाली. बाई आपलं दुःख सांगते आणि आपण लगेच फळ्यावर लिहितो, 'पितृसत्तेचा प्रकार क्रमांक तीन'.

ह्यावर तिने उपाय काढला तो साधा होता : टेप रेकॉर्डर. १९६५ पासून तिने कलावंतांच्या घरी, कार्यशाळेत जाऊन त्यांचं बोलणं टेप केलं. प्रश्न विचारले, पण निवाडा दिला नाही. चौदा कलावंत. मग तिने सगळ्या टेपा उतरवून काढल्या, कापल्या, एकमेकांत मिसळल्या आणि सगळे एकाच खोलीत बसून गप्पा मारताहेत असं पुस्तक केलं. खोकणं, थांबणं, विषय सोडून भरकटणं, सगळं ठेवलं. पुस्तकाचं नाव 'स्व-चित्र', १९६९ सालचं. ह्या चौदांपैकी साय ट्वॉम्ब्ली नावाच्या अमेरिकन चित्रकाराने तिच्या प्रश्नांना उत्तरंच दिली नाहीत. तिने त्याला वगळलं नाही, त्याच्या नावापुढे 'शांतता' असं छापलं. बोलायला नकार देणं हेही बोलणंच, म्हणून.

ह्या चौदांत बाई किती? एक. चित्रकार कार्ला आकार्दी.

पुस्तक आलं त्याच सुमाराला लोन्झीच्या लक्षात आलं की आपण समीक्षकाची खुर्ची सोडली तरी बसलोय कुठे? श्रोत्याच्या जागेवर. तेरा पुरुष बोलताहेत आणि एक बाई टेपचं बटण दाबून कौतुकाने ऐकते आहे. पुढे तिने स्पष्ट लिहिलं की पुरुषाच्या निर्मितीला टाळ्या वाजवणारी बाई लागते; ते बाईचं न दिसणारं काम आहे. १९७१च्या एका टिपणात तर तिने सांगितलं की असल्या सोहळ्यांना आम्ही हजर राहणार नाही. आणि खरंच, नाव झालेलं असताना, मागणी असताना, तिने कलासमीक्षा सोडली. कायमची.

१९७० च्या वसंतात लोन्झी, आकार्दी आणि एल्व्हिरा बानोत्ती ह्या तिघींनी रोममध्ये एक गट सुरू केला, 'रिव्होल्ता फेम्मिनिले', म्हणजे स्त्रियांचं बंड. त्या जुलैत रोमच्या भिंतींवर त्यांचा जाहीरनामा चिकटला. पुढे मिलान आणि इतर शहरांतही गट झाले.

त्या वेळचा इटलीचा कायदा कसा होता ते ऐका, नाहीतर आपल्याला वाटतं युरोपात सगळं आधीपासून आलबेल होतं. १९६८ पर्यंत बायकोचा व्यभिचार हा गुन्हा होता, नवऱ्याचा त्याच मापाने नव्हता. १९७१ पर्यंत संततिनियमनाची माहिती प्रसृत करणं गुन्हा होता. १९७५ पर्यंत कायद्याने कुटुंबप्रमुख नवरा. गर्भपाताला कायद्याची परवानगी मिळाली ती १९७८ मध्ये. आपल्याकडचा कायदा १९७१चा. बलात्कार करणाऱ्याने त्याच मुलीशी लग्न केलं की तो सुटायचा, ही तरतूद १९८१ साली गेली. आणि बलात्कार हा नीतिमत्तेविरुद्धचा नव्हे, तर व्यक्तीविरुद्धचा गुन्हा आहे हे मान्य व्हायला १९९६ उजाडलं.

अशा देशात कुणीही म्हणेल की आधी कायदे बदला. लोन्झी म्हणाली, थांबा. १९७० मध्येच तिने एक पुस्तिका लिहिली, तिचं नाव 'हेगेलवर थुंकूया'. नावावरून ती केवळ भडकलेली बाई वाटेल, पण आत सरळ युक्तिवाद आहे. हेगेल हा जर्मन तत्त्वज्ञ सांगतो की मालक आणि गुलाम ह्यांची झुंज होते, गुलाम कष्टांतून स्वतःला ओळखतो आणि एक दिवस पारडं फिरतं. मार्क्सवाद्यांनी हीच रीत उचलून कामगाराच्या मुक्तीची गोष्ट सांगितली. लोन्झी विचारते, ह्या झुंजीत बाई कुठे आहे? मालकाच्याही घरात आहे आणि गुलामाच्याही घरात. झुंज दोन पुरुषांची, सत्तेसाठी. पारडं फिरलं तरी स्वयंपाकघर तिथेच. मग ती त्याच मापाची सत्ता मागून काय करणार? समानता म्हणजे पुरुषांनी आधीच आखलेल्या रकान्यात आपलं नाव भरणं, असं तिला वाटत होतं. तिला हवा होता तो वेगळेपणा. तिने इतिहासाने गृहीतच न धरलेल्या माणसाची कल्पना मांडली : ज्याची कुणी वाट पाहत नव्हतं असा माणूस अचानक बोलू लागतो, तो म्हणजे बाई.

डाव्या पक्षांतल्या किती जणींना हे झोंबलं असेल. 'क्रांती झाली की बायकांचा प्रश्न आपोआप सुटेल' हे वाक्य आपण मराठीतही पुष्कळ ऐकलंय.

मग करायचं काय? त्यांची पद्धत अशी. लहान गट, फक्त बायका. अध्यक्ष नाही, विषयपत्रिका नाही. एकेकीने स्वतःच्या आयुष्यातलं बोलायचं : नवरा, आई, अंथरूण, मूल, एकटेपण. दुसरीने सल्ला द्यायचा नाही, निदान करायचं नाही. ते ऐकून तिच्या आत जे हलतं ते तिने बोलायचं. ह्या कामाला त्यांनी जो शब्द रूढ केला त्याचा अर्थ 'स्वतःची जाणीव'. आपण त्याला जाणीव-जागृती म्हणतो. पण आपल्या शब्दात कुणीतरी जागं आहे आणि दुसरीला जागं करतंय असं येतं. त्यांच्या शब्दात तसं नाही. आणि हे झाल्यावर मग राजकारण करू, असंही नाही. हेच राजकारण. बाईने स्वतःबद्दल पुरुषाच्या नजरेतून बोलणं थांबवलं की तिथे सत्ता हलते, असं त्यांचं म्हणणं.

पुस्तकं दुसऱ्याच्या दारात नेऊन द्यायची नाहीत म्हणून त्यांनी स्वतःचं प्रकाशन काढलं, हिरव्या वेष्टनाच्या छोट्या पुस्तिका. त्यांतली १९७२ सालची एक आकार्दीची. ती शाळेत शिकवायची. तिने वर्गातल्या मुलींशी मोकळेपणाने बोलून ते टेप केलं. त्यापायी तिची नोकरी गेली. ते बोलणं पुस्तिका म्हणून छापलं गेलं.

इथवर सगळं छान आहे. आता जिथे दुखतं तिथे येते.

पहिलं, गर्भपात. सगळा देश कायद्याची मागणी करत असताना ह्या गटाने १९७१ मध्ये टिपण काढलं. त्याचा आशय असा : बाई गरोदर राहते ती कुणाच्या सुखासाठी? आधी ते विचारा, मग पुरुषांच्या संसदेकडे परवानगी मागायला जा. प्रश्न खरा आहे. पण चोरून केलेल्या गर्भपातात मरणाऱ्या बाईला तो प्रश्न कधी विचारणार? १९७८चा कायदा ज्यांनी रस्त्यावर येऊन मिळवला, १९८१च्या सार्वमतात ज्यांनी तो राखला, त्यांचं ऋण मानायलाच हवं. लोन्झीचा प्रश्न आणि त्यांचा मोर्चा, दोन्ही लागतात. एकीने दुसरीला खोटं ठरवू नये.

दुसरं, आकार्दी. ती बाई मुळात चित्रकार, चित्र काढल्याशिवाय तिला चैन नाही. लोन्झीला वाटू लागलं की कलावंत म्हणून मोठं होणं म्हणजे पुन्हा पुरुषांच्याच जगात शाबासकी मिळवणं. काही वर्षांतच दोघींची वाट तुटली. आकार्दी पुढे २०१४ पर्यंत जगली आणि चित्रं काढत राहिली. मला ह्या भांडणात आकार्दीची बाजू जवळची वाटते. बाईने आपलं काम सोडावं, मग ते पुरुषासाठी असो की चळवळीसाठी, ह्यात फार फरक आहे का?

तिसरं, ती स्वतः. १९७८ मध्ये तिने आपली १९७२ ते १९७७ ची रोजनिशी छापली, तेराशेहून अधिक पानांची. तिच्या नावाचा अर्थ 'गप्प बस, नाही, बोल'. बहुतेक आपण सगळ्याच जणी मनात हे दोन शब्द एकापाठोपाठ एक म्हणत असतो. १९८० मध्ये आणखी एक पुस्तक आलं, 'जा तू खुशाल'. पिएत्रो कोन्साग्रा हा नामवंत शिल्पकार तिचा बऱ्याच वर्षांचा जोडीदार, 'स्व-चित्र'मधल्या तेरा पुरुषांपैकीच एक. दोघांमध्ये टेप रेकॉर्डर ठेवून ती चार दिवस त्याच्याशी बोलली : तुझं काम हे काम, आणि माझं तुझ्याबरोबर असणं, ऐकणं, सांभाळणं हे काहीच नाही का? तो वाईट माणूस नव्हता. त्याला ते खरंच कळत नव्हतं. चौथ्या दिवशी ती त्याला जायला सांगते. ज्या यंत्राने पुरुषांचं बोलणं जपलं होतं त्याच यंत्रावर तिने आपला हिशेब मांडला.

२ ऑगस्ट १९८२ ला कर्करोगाने ती मिलानमध्ये गेली. वय एक्कावन्न. शेवटी ती सतराव्या शतकातल्या, विद्वत्तेची हौस म्हणून नाटकांतून टिंगल झालेल्या फ्रेंच बायकांवर लिहीत होती. ते अपुरं पुस्तक तिच्या बहिणीने आणि मैत्रिणींनी १९९२ मध्ये काढलं. तिची कागदपत्रं पुढे रोमच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पोचली. म्हणजे जे जग ती सोडून गेली होती त्यानेच अखेर तिला कपाटात ठेवलं. ह्यावर तिने काय म्हटलं असतं, कोण जाणे!

आता आपल्याकडे येते.

१९९४ मध्ये आम्ही घरकाम करणाऱ्या बायकांवर एक पुस्तिका काढली होती. तीस-एक जणींशी बोललो, टेप केलं. मग मी आणि दोघी-तिघींनी बसून 'विश्लेषण' लिहिलं. मुखपृष्ठावर आमची नावं. प्रकाशनाला त्यांतल्या एक बाई आल्या होत्या. नातवाकडून पुस्तिका वाचून घेतली आणि मला म्हणाल्या, "ताई, सगळं बरोबर लिवलंय, पण ह्यात मी कुठंय?" मी काहीतरी उत्तर दिलं, आता आठवतही नाही. तीस वर्षांनी लोन्झी वाचताना ते उत्तर सापडलं : त्या कुठेच नव्हत्या. आम्ही समीक्षकाच्या खुर्चीत होतो. टेपा आम्ही जपल्या नाहीत, त्यांवर पुढे गाणी भरली गेली. ही चूक माझी आहे आणि ती आज ह्या मेळाव्यासमोर सांगावीशी वाटली.

पण लोन्झीलाही एक प्रश्न विचारते. ती म्हणते, बायकांनी बायकांशी बोलावं. कुठल्या बायकांनी? तिच्या वर्तुळात लिहित्या-वाचत्या शहरी बायका अधिक. आपल्या वर्तुळात, आठवतं का, एका मैत्रिणीने विचारलं होतं, "तुम्ही सगळ्या म्हणता आपलं दुःख सारखं. मग माझ्या वस्तीत बैठक ठेवली की निम्म्या जणींना कामं कशी निघतात?" त्या दिवशी आपण सगळ्या गप्प होतो. ट्वॉम्ब्लीच्या नावापुढे छापलं होतं ना, 'शांतता', तसं आपल्या नावांपुढे छापायला हवं होतं. वर्तुळात बसलं म्हणून जात बाहेर चपलांपाशी राहत नाही. दलित मैत्रिणींनी आपल्याला हे लोन्झीच्या पुस्तकाशिवाय शिकवलंय.

तर मग, आपल्या मैत्रिणीने उभं राहावं का? लोन्झी बहुतेक नको म्हणाली असती. मी हो म्हणते. पाण्याचा नळ, कचऱ्याची गाडी, बायकांची मुतारी ह्या गोष्टी नगरपालिकेत ठरतात आणि रोज सकाळी आपल्या अंगावर येतात. पण लोन्झीचं एक म्हणणं मी पदराला बांधून घेतलंय. तिथे गेलेल्या बाईला ते लोक तिचा विभाग सांगतील, भाषा शिकवतील, कुठे टाळ्या वाजवायच्या ते दाखवतील. सहा महिन्यांत ती आपल्याशीही तसंच बोलू लागेल. ती वाईट म्हणून नव्हे, जागाच तशी म्हणून.

म्हणून माझं सुचवणं एवढंच आहे. निवडून येवो न येवो, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारची आपली बैठक तिने चुकवायची नाही. तिथे खुर्ची नाही, सतरंजी आहे. तिथे तिने वॉर्डाचा अहवाल द्यायचा नाही, स्वतःचं सांगायचं : सभेत पहिल्यांदा बोलताना पाय कापले का, सही करताना कुणी हात धरला का, घरी जेवायला कुणी वाढलं. आणि आपण तिला सल्ले द्यायचे नाहीत, ऐकायचं. ती बैठक जिच्या वस्तीत ठेवल्यावर आपल्याला कामं निघतात, तिच्या वस्तीत घ्यायची. हे आपल्याला जमलं तर ती पुढच्या दाराने गेली तरी मागचं दार उघडं राहील.

ह्यावर आता तुम्ही बोला. मी ऐकते.